जॅव्हेलिन लॉक होत नाही म्हणून पीसी दुकानात नेऊ नका

मालक, तुमची पोस्ट वाचली आणि दोन वर्षांपूर्वीचा मीच दिसलो. आर्मा ३ हा लढाईचा कॉम्प्युटर गेम, त्यावर एसीई मॉड, म्हणजे गेम खऱ्यासारखा करणारी वरून टाकायची भर, खांद्यावर जॅव्हेलिन हे रणगाडा फोडायचं मिसाइल, समोर रणगाडा मख्ख उभा, तुम्ही टॅब दाबताय दाबताय आणि लॉक काही होईना, म्हणजे मिसाइल लक्ष्य पकडेना. आणि आता विचारताय की कीबोर्ड गेला का, नवीन घेऊ का. नका घेऊ. आधी हे वाचा. (मी काही फौजी नाही, चादरीच्या दुकानात बसतो, रात्री खेळतो. मॉड अपडेट झाला की कीज बदलू शकतात, तेव्हा कंट्रोल्समध्ये कॉन्फिगर अ‍ॅडऑन्समध्ये जाऊन एकदा स्वतः बघा.)

मॉड कसा टाकायचा, लाँचर कसा उचलायचा ते तुम्हाला येत असणारच, ते सोडतो.

तर माझं झालं काय, आठ दिवस लॉक होईना म्हणून मी पीसी उचलला आणि नव्या पेठेतल्या एका दुकानात नेला. नाव घेत नाही, उगाच कशाला. तिथल्या पोराने नोटपॅड उघडून सगळ्या कीज दाबून बघितल्या, सगळ्या चालल्या, टॅबसुद्धा. तिथंच मला उठायला पाहिजे होतं राव! पण तो म्हणाला विंडोज करप्ट दिसतंय, फॉरमॅट मारावं लागंल, आणि कीबोर्ड पण बदलून टाका, हा गेमिंगचा नाही. मी विचारलं डेटाचं काय, तर म्हणे डी ड्राइव्हला हातच लावत नाही आपण. मला बरं वाटलं. आता आर्माचं प्रोफाइल, जमवलेले लोडआउट म्हणजे हत्यारं-सामानाचे संच, एडिटरमध्ये बनवलेल्या मिशन हे सगळं डॉक्युमेंट्सच्या फोल्डरात असतं, आणि डॉक्युमेंट्स माझं सी ड्राइव्हवर, हे ना त्याने विचारलं ना मला सुचलं. चार महिने रोज थोडी थोडी करून बनवलेली मिशन गेली. तीन दिवस पीसी तिकडेच, वर फॉरमॅटचे आणि कीबोर्डचे मिळून अडीच हजार. परत जाऊन बोललो तर म्हणे तुम्ही सांगितलं नव्हतं की. मे महिन्यातलं ऊन, स्कूटरवर पुढे सीपीयू धरून दोन खेपा, अजून आठवलं तरी डोकं फिरतं.

घरी आणून लावला. लॉक होईना!

मग एका रात्री गेमच्या व्हॉइस चॅटवर बार्शीचा एक कॉलेजचा पोरगा होता, तो म्हणाला, "काका, टॅब दाबून सोडू नका, धरून ठेवा की." एवढंच. मी टीव्हीचं चॅनल बदलावं तसं टकटक करत होतो. दुर्बिणीत बघा, रणगाडा बरोबर मधोमध घ्या, टॅब धरा आणि धरूनच ठेवा, लक्ष्याभोवती खुणा जमतात, आवाज बदलतो, मग फायर. मधे हात हलला, झाडाची फांदी आडवी आली की पहिल्यापासून. आणि हो, धावताना शिफ्टवर बोट राहिलं आणि टॅब दाबला तर स्टीमचं, म्हणजे ज्यातून गेम चालतो त्या अ‍ॅपचं, ओव्हरले गेमवर उघडतं, माझं निम्म्या वेळा तेच व्हायचं, मला वाटायचं गेम हँग झाला. स्टीमच्या सेटिंगमध्ये ती की बदलून टाका.

हा वेळ मॉडवाल्यांनी उगाच नाही ठेवलेला. खऱ्या जॅव्हेलिनमध्ये मिसाइलच्या नाकात इन्फ्रारेड सीकर, म्हणजे उष्णतेवरून लक्ष्य बघणारा डोळा असतो, तो आधी थंड करावा लागतो, त्यासाठी एकदाच वापरायची बॅटरी आणि कूलंटचं युनिट लावतात. मग बघणाऱ्याने लक्ष्याभोवती चौकट बसवून सीकरला दाखवायचं की हाच तो. सोडल्यावर मिसाइल स्वतः चित्र बघत जातं, तुम्ही पळायला मोकळे. आपल्या सैन्यातली मिलान ही रणगाडाविरोधी मिसाइल तशी नाही, तिच्यामागे तार सुटत जाते आणि मिसाइल आदळेपर्यंत नेम धरून बसावं लागतं. त्यामुळे एका गेममध्ये मिलान चालवून आलेला माणूस जॅव्हेलिनवर गोंधळतो, उलटंही तेच.

दुसरं म्हणजे मोड. कंट्रोल आणि टॅब एकत्र दाबलं की टॉप (वरून मारा) आणि डायरेक्ट (सरळ मारा) बदलतो. टॉपमध्ये मिसाइल वर चढून रणगाड्याच्या टपावर पडतं, कारण तिथला पत्रा सगळ्यात पातळ. खऱ्याचं बघाल तर टॉपला किमान साधारण 150 मीटर अंतर लागतं, डायरेक्टला 65. शंभर मीटरवरून टॉपमध्ये मारून "मिसाइल खराब आहे" म्हणणारे आमच्या ग्रुपमध्ये दोघं आहेत. पुलाखालून, पत्र्याच्या शेडमधून टॉप मारू नका, वर चढायला जागा पाहिजे. माझं मत विचाराल तर शहरात जॅव्हेलिन नेऊच नये, साधं रॉकेट लाँचर बरं, पण हे माझं मत, भांडायला येऊ नका.

आणि एसीईमध्ये लाँचरच्या मागून निघणारा झोत खऱ्यासारखाच लागतो. खोलीत भिंतीला पाठ लावून फायर केलंत तर रणगाडा राहील बाजूला, तुम्ही आणि मागचा मेडिक दोघं आडवे. मी केलंय.

जमलं तर अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, रणगाड्यांचं म्युझियम बघून या. खरा रणगाडा शेजारी उभं राहून बघितला की टॉप अटॅक का ते आपोआप कळतं. पोरांना घेऊन जा, पाण्याची बाटली न्या.

तरी लॉक नाही झालं तर एवढं लिहा: दुर्बिणीत एन दाबून थर्मल (उष्णता दाखवणारं चित्र) लावलं होतं का, अंतर किती, मधे झाड होतं का, सर्व्हरवर दुसरे मॉड कुठले. आणि डॉक्युमेंट्समधला आर्माचा फोल्डर आज रात्रीच पेनड्राइव्हवर घ्या. मी साडेदहानंतर असतो, फक्त उद्या नाही, उद्या आमच्याकडे पाण्याची पाळी आहे आणि ते कधी सोडतील काही सांगता येत नाही.