कात्री कमरेला, पण म्यानात

प्रश्न : शिवताना माझी कात्री, अंगुस्तान (सुई टोचू नये म्हणून बोटावर घालायची टोपी), टेप यांतलं काही ना काही कायम कापडाखाली गडप होतं. जुन्या पर्सचे हूक, तुटलेल्या माळांच्या साखळ्या, पट्ट्यांची बकलं असं बरंच जमवून ठेवलं आहे. त्यातून हे सगळं कमरेला लटकवायची सोय करता येईल का? कात्रीच्या टोकाची मात्र भीती वाटते.

उत्तर : जरूर येईल. अठराव्या-एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या बायका कमरेला एक मोठा हूक अडकवत आणि त्याच्या साखळ्यांना कात्री, सुयांची नळी, अंगुस्तान, किल्ल्या लटकवत. त्याला शॅटलेन म्हणत. त्यातही कात्री बहुधा म्यानात असे, तेव्हा तुमची भीती रास्तच आहे. आधी म्यानच करा.

जुन्या पर्सचं जाड चामडं घ्या. पात्यांच्या आकाराचे, सगळीकडून बोटभर मोठे असे दोन तुकडे कापा. नुसते एकमेकांवर ठेवून शिवले, तर पात्याची धार आतून टाके कापते आणि टोक एक दिवस बाहेर येतं. म्हणून कडेने, दोन थरांच्या मध्ये, त्याच चामड्याची अरुंद पट्टी घाला. तोंडाची बाजू तेवढी मोकळी ठेवा. तिन्ही थरांना आरीने आधी भोकं पाडा आणि मेण लावलेल्या दुहेरी दोऱ्याने शिवा. आता धार पट्टीला लागेल, दोऱ्याला नाही. टोकाशी पट्टीचे दोन थर द्या, तिथे कंजुषी नको.

लटकवायला मला हूकपेक्षा जीन्सची कंबरपट्टी आवडते. बटणाकडचा आणि काजाकडचा असे वीतभर लांबीचे तुकडे कापून, कापलेल्या कडा एकमेकींना पक्क्या शिवल्या की कोणत्याही पट्ट्याभोवती गुंडाळून बटण लावता येतं. त्यावरच्या लुप्यांत कड्या अडकवा. किल्ल्यांच्या जुडग्याची दुपेडी कडी सगळ्यांत भरवशाची. माळेची साधी कडी वापरलीत, तर दोन पकडींनी तिची टोकं पुढे-मागे पिळून उघडा. बाजूला फाकवलीत की ती पुन्हा नीट मिटत नाही, आणि अंगुस्तान नकळत गळून पडतं.

प्रत्येक धातूच्या तुकड्याला चुंबक लावून पाहा. चिकटला तर बहुतेक आत लोखंड आहे. मुलामा उडाला की गंजेल आणि फिक्या कापडावर डाग पडतील.

नाजूक साखळ्या शोभेच्या. अंगुस्तान, खडूची पिशवी असं हलकं काही त्यांना चालेल. म्यान मात्र सुती फितीने थेट कंबरपट्टीला शिवा आणि कात्री सुटी ठेवा. दोरीला बांधलेल्या कात्रीने लांब कापड कापताना हात अडतो आणि पातं तिरकं जातं. साखळ्यांची लांबी कमी-जास्त ठेवली तर गुंता होत नाही. गुडघ्याखाली काही लोंबू देऊ नका.

सुयांसाठी गरम पाण्यात आटलेल्या लोकरी स्वेटरचे तुकडे उत्तम. ते उसवत नाहीत, चार-पाच पानं एकावर एक टाचली की झालं.

मशीनवर बसताना सगळंच काढून बाजूला ठेवा. लोंबती साखळी फिरत्या चाकात ओढली जाते.