वाटप बघा, मग बाटली उघडा

तुमचा प्रश्न असा: रविवारी बाबांची पंचाहत्तरी, घरी मटणाचा बेत, नाशिककडची लाल वाइन आणायचीय, बाटलीमागे हजाराच्या आसपास खर्चायची तयारी आहे. मागच्या वेळी आणलेली बाटली बाबांनी एक घोट घेऊन "हा तर काढा आहे" म्हणत बाजूला सारली, म्हणून आता कुठली घेऊ? नावं सांगतो, पण जरा खाली. आधी त्या काढ्याचं बघू, कारण माझ्या मते दोष बाटलीचा नव्हता.

ती बाटली कपाटातून काढून थेट ग्लासात ओतली होती ना? लाल वाइन "रूम टेंपरेचर"ला प्यावी हे सगळ्यांनी कुठून तरी ऐकलेलं असतं. पण ती रूम युरोपातली, दगडी भिंतींची, १६ ते १८ अंशांची. आपली रूम परळची, पंखा पाचवर, आणि तरी ३१ अंश. इतक्या गरम वाइनमधून आधी अल्कोहोलचा भपका नाकात जातो आणि फळाचा वास त्याखाली दबून जातो. मी एकदा घरी मुद्दाम करून बघितलं. शिराझ नावाच्या द्राक्षाच्या एकाच लाल वाइनची अर्धी बाटली ओट्यावर ठेवली, अर्धी झाकण लावून तासभर फ्रीजमध्ये. बायकोला न सांगता दोन ग्लास पुढे केले. ओट्यावरच्या ग्लासाला ती म्हणाली, "खोकल्याचं औषध." दुसऱ्याला नाक लावून म्हणाली, "जांभळं." बाटली एकच!

तेव्हा पहिलं काम, बाटली जेवणाआधी तासभर फ्रीजमध्ये. विसरलात तर बादलीत बर्फ आणि पाणी घालून त्यात दहा-बारा मिनिटं बुडवा. नुसत्या बर्फापेक्षा बर्फ-पाणी लवकर काम करतं. मात्र रात्रभर फ्रीजमध्ये ठेवू नका, फार गार झाली की लाल वाइनचा तुरटपणा अंगावर येतो.

हा तुरटपणा म्हणजेच टॅनिन. द्राक्षाच्या सालीतून आणि बियांतून ते येतं. लाल वाइन सालीसकट आंबवतात म्हणून तिच्यात ते जास्त. आपल्याला हे शिकवावं लागत नाही, षड्रसांत तुरट आहेच आपल्याकडे. जांभूळ खाल्ल्यावर जीभ ओढली जाते, जास्त उकळलेल्या चहाने गालांच्या आत कोरडं पडतं, तेच. बाबांना आधीच सांगून ठेवा की ही गोड नसते. आपल्या वडिलांच्या पिढीत लाल वाइन म्हणजे गोव्याहून आणलेलं गोड "पोर्ट", आणि तीच अपेक्षा ठेवून घोट घेतला की कुठलीही कोरडी, म्हणजे गोड नसलेली, वाइन काढाच लागणार.

आता जेवण. "लाल मांसाबरोबर लाल वाइन, माशाबरोबर पांढरी" हा नियम आपल्या स्वयंपाकघरात अर्धाच चालतो, कारण आपल्याकडे चव मांसाची कमी आणि वाटपाची जास्त असते. माझा ठोकताळा असा की भाजलेलं वाटप असेल तर लाल उघडा. ओलं खोबरं, कोकम, हिरवी मिरची असेल तर पांढरीकडे वळा. सुकं खोबरं आणि कांदा काळपट होईपर्यंत भाजला, त्यात दगडफूल, मिरी, लवंग आली, की त्या खरपूस वासाला शिराझ अशी जाऊन मिळते की विचारू नका. शिराझला स्वतःलाच काळ्या मिरीचा वास असतो, आणि ही काही लेबलावरची कविता नाही. मिरीत जे रोटंडोन नावाचं द्रव्य आहे तेच शिराझच्या सालीतही सापडतं. शिवाय मटणाची चरबी आणि प्रथिनं टॅनिनला धरून ठेवतात, त्यामुळे तीच वाइन दुसऱ्या घासानंतर मऊ लागते. म्हणून पहिला घोट रिकाम्या तोंडाने घेऊ देऊ नका. आधी सुक्याचा एक घास, मग घोट.

तुमचं मटण जर कोल्हापुरी तांबडा रस्सा असेल तर मात्र जपून. तिखटाची आग अल्कोहोलने आणि टॅनिनने वाढते. झणझणीत रश्शावर कॅबरने, म्हणजे भरपूर टॅनिनची लाल वाइन, प्यायलं तर दोन्ही वाया. त्यापेक्षा रस्सा वाटीत बाजूला ठेवून वाइन सुक्याबरोबर घ्या, किंवा सरळ बिअर आणा, त्यात काही कमीपणा नाही.

मासे. इथे मी स्वतः तोंडावर आपटलोय. पाहुणे आले होते, हातात चांगली कॅबरने, म्हटलं बांगड्याच्या तिखल्याबरोबर उघडू. पहिल्या घासानंतर घोट घेतला आणि जिभेवर जुना तांब्याचा पैसा ठेवल्यासारखं झालं. चौघांची तोंडं एकदम वाकडी. तेलकट मासा आणि टॅनिनवाली लाल यांचं जमत नाही, ती धातूसारखी चव काही केल्या जात नाही. बोंबील, बांगडा, तिसऱ्या यांच्याबरोबर गार शेनिन ब्लाँ ही पांढरी वाइन घ्या, तीही नाशिकचीच. सुरमईच्या रवाफ्रायबरोबर हलकी लाल एखाद्या वेळी निभावते, पण पाहुण्यांवर प्रयोग नको.

शाकाहारी मंडळींना वाऱ्यावर सोडू नका. भरली वांगी, शेंगदाण्या-तिळाचं कूट आणि गोडा मसाला, याला मर्लो किंवा सांजोवेझे या लाल वाइन छान. माझा सगळ्यात लाडका जोड तर भाजणीचं थालीपीठ, वर लोण्याचा गोळा, आणि थोडी जास्त गार केलेली लाल झिनफँडेल. लोण्याने तुरटपणा विरघळतो आणि भाजणीचा खमंग वास वर येतो. वालाच्या बिरड्याला मात्र लाल नको. ओलं खोबरं, गूळ, कोकम हे तिन्ही तिच्या विरोधात जातात. पुरणपोळी किंवा श्रीखंड आलं की ग्लास उचलून ठेवा, गोडापुढे कोरडी वाइन कडू लागते.

खिम्यावर वेगळं लिहायला हवं, पण थोडक्यात: खिमा-पाव आणि शिराझ-कॅबरने, म्हणजे दोन्ही द्राक्षांची मिश्र वाइन. बस.

आता नावं. तुमच्या बेतासाठी मी सुला या नाशिकच्या कंपनीची शिराझ-कॅबरने घेईन, सहज मिळते आणि फळाची चव भरपूर. थोडं वर जायची तयारी असेल तर त्यांचीच दिंडोरी रिझर्व्ह शिराझ, हिच्यात ओकच्या लाकडाचा वास येतो आणि मटणाला ती जास्त भक्कम साथ देते. नाशिकच्याच यॉर्कची शिराझ दिसली तर तीही घ्या. फ्रातेल्ली ही कंपनी अकलूजची, म्हणजे उसाच्या मुलखातली. तिथे त्यांनी सांजोवेझे हे इटलीचं द्राक्ष लावलंय, आणि त्या वाइनचा आंबटपणा टोमॅटो घातलेल्या रश्श्याला बरोबर पेलतो. ग्रोव्हर झम्पाची कॅबरने-शिराझही चांगली. काही कॅबरनेंना ढोबळी मिरचीसारखा हिरवट वास येतो. तो बिघाड नसतो, पण पहिल्यांदा पिणाऱ्याला तो खटकतो, म्हणून बाबांसाठी नुसती कॅबरने नको. आणि सुलाची झिनफँडेल घेताना बाटलीचा रंग बघा, लाल वेगळी आणि गुलाबी रोझे वेगळी. घाईत लोक गुलाबी उचलून आणतात आणि मग मटणापुढे ती बिचारी पाणी वाटते.

दुकानाचंही बघा. मुंबईत "वाइन शॉप" म्हणजे बहुतेकदा वाइन सोडून सगळं मिळणारं दुकान. वाइनच्या चार बाटल्या वरच्या फळीवर, ट्यूबलाइटच्या शेजारी, धूळ खात उभ्या. एकदा मे महिन्यात अशाच एका दुकानातून आणलेल्या बाटलीचं बूच कडेने वर आलं होतं. उघडली तर मनुकांच्या उकळलेल्या पाण्याचा वास. उष्णतेने ती आतच शिजली होती. तेव्हापासून मी एसी असलेलं, खप असलेलं दुकान बघतो आणि लेबलावरचं साल वाचतो. या किमतीच्या लाल वाइन मुरवायच्या नसतात, दोन-तीन वर्षांच्या आतली घ्या. नाशिकला लाल द्राक्षांची तोडणी साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये होते, त्यावरून हिशेब करा. फिरकीचं झाकण दिसलं म्हणून नाक मुरडू नका, आपल्या हवेत ते बुचापेक्षा बरं. नाशिकहून गाडीने आणणार असाल तर डिकीत नको, पायाशी ठेवा.

वाढताना स्टीलचा पेला नको. चव बिघडते म्हणून नाही, पण रंग दिसत नाही आणि वासही नीट पोचत नाही. तोंडाशी जरा निमुळता होणारा कुठलाही काचेचा ग्लास चालेल, तिसरा हिस्सा भरा. एका बाटलीत ७५० मिली, म्हणजे पाच ग्लास, तेव्हा चार-पाच पिणाऱ्यांसाठी दोन बाटल्या लागतील. उरली तर झाकण घट्ट लावून फ्रीजमध्ये, तीन-चार दिवस टिकते. त्यानंतर मटण परतताना अर्धी वाटी घाला आणि ती चांगली आटू द्या.

रविवारचं गणित सांगतो. जेवण एकला असेल तर पावणेबारा वाजता बाटली फ्रीजमध्ये, पाऊणला बाहेर काढून उघडा, आधी सुकं वाढा, मग ओता. आणि एवढं सगळं करूनही बाबांनी बर्फ मागितला तर मुकाट्याने द्या. पंचाहत्तरी त्यांची आहे.