करायला गेले गणपती...

प्रश्न : इस्रायलचे माजी खासदार उरी अवनेरी यांचा पॅलेस्टिनी मुक्ती संघटनेचे नेते अराफात यांच्याबरोबरचा फोटो पाहिलाय. पण ना मोठा पक्ष, ना मंत्रिपद, मग हा माणूस संसदेत पोचला कसा?

उत्तर : सरकारच्या कृपेने म्हणा की! मूळ जर्मनीतला, १९३३ला हिटलर आल्यावर घरच्यांबरोबर पॅलेस्टाईनला आलेला, पोरवयात इर्गुन या ज्यूंच्या जहाल सशस्त्र संघटनेत आणि मग १९४८च्या अरब-इस्रायल लढाईत जखमी, असा हा गडी. १९५०ला त्यानं 'हाओलाम हाझे' हे साप्ताहिक विकत घेतलं. पुढच्या कव्हरवर सत्ताधाऱ्यांची लफडी आणि मागच्या कव्हरवर उघड्यानागड्या बायका, त्यामुळे शिव्याही भरपूर आणि खपही भरपूर. १९६५ला सरकारने बदनामीचा कडक कायदा आणला, रोख कुणावर ते सगळ्यांना कळत होतं. मग अवनेरी म्हणाला मी निवडणूकच लढवतो आणि साप्ताहिकाच्याच नावाने पक्ष काढला. करायला गेले गणपती आणि झाला मारुती.

तिकडे मतदारसंघ वगैरे नसतात, अख्खा देश एकच मतदारसंघ, १२० जागा, पक्षाला मिळालेल्या मतांच्या प्रमाणात वाटायच्या, आणि तेव्हा १ टक्का मतं मिळाली की आत. याला १.२ टक्के मिळाली, एक जागा पदरात पडली. आता मर्यादा ३.२५ टक्के आहे, म्हणजे असा एकांडा शिलेदार आज निवडून येणं विसराच. १९६९ला दोन जागा आल्या, १९७३ला साफ आपटला, मग शेली नावाच्या डाव्या आघाडीतून १९७९ला परत आत आला तो आघाडीतल्यांनी जागा आळीपाळीने वापरायची या ठरावाने, आणि १९८१ला राजीनामा देऊन मोकळा.

आता तो फोटो. १९६७चं अरब-इस्रायल युद्ध संपतंय न संपतंय तोच हा पंतप्रधान एश्कोलना म्हणत होता, पॅलेस्टिनींना त्यांचं राष्ट्र द्या, तेव्हा हे ऐकायला तिथं कुणी तयार नव्हतं. ३ जुलै १९८२ला लेबनॉनच्या राजधानीला, बैरूतला इस्रायली फौजेचा वेढा पडलेला असताना हा फौजेची हद्द ओलांडून पलीकडे गेला आणि अराफातना भेटला. लक्षात घ्या, तेव्हा तो खासदार नव्हता! देशद्रोहाची केस करा अशी मागणी झाली, आणि १९८६ला तर अशा भेटींवर बंदी घालणारा कायदाच आला. २०१८मध्ये ९४व्या वर्षी तेल अवीवला वारला, तोवर लिहीतच होता.

मला विचाराल तर त्याची खरी ताकद साप्ताहिकात होती, संसद हे त्याला आणखी एक व्यासपीठ. मागच्या कव्हरचं मात्र समर्थन करवत नाही बुवा.