वाचकांचे प्रश्न : माळ्यावरची पेटी

प्रश्न : ताई, मी आयोवाच्या ईशान्य कोपऱ्यात राहते. लग्न होऊन इथे आले त्याला एकोणीस वर्षं झाली. सासर मूळचं नॉर्वेजियन. सासूबाई गेल्या वर्षी वारल्या आणि आता शेतावरचं घर विकायला काढलंय. माळा आवरताना एक मोठी लाकडी पेटी निघाली. घुमटासारखं झाकण, लोखंडी पट्ट्या, निळसर हिरव्या रंगावर वेलबुट्टी, पुढे एक नाव आणि १८६१. झाकणाला आतून जुनं वर्तमानपत्र चिकटवलेलं. पेटीत दोऱ्याने बांधलेली सत्तावीस पत्रं, एक जाडजूड बायबल आणि बरेच फोटो. नणंदेला पेटी नव्याने रंगवून दिवाणखान्यात ठेवायची आहे. धाकटे दीर म्हणतात, पत्रं चौघा भावंडांत वाटून घेऊ. घरात सगळे सांगतात की पेटीवालीचं कुटुंब एलिस बेटावरून आलं. सासरे त्यांच्या आईशी नॉर्वेजियन बोलायचे म्हणे, पण पोरांना त्यांनी एक शब्द शिकवला नाही. मी बाहेरून आलेली. मी यात बोलावं का? आणि काय सांगावं?
– एक वाचक, आयोवा

उत्तर : बोला, आणि घराचे कागद होण्याआधी बोला. पेटी खाली उतरवण्याआधी ती आहे तिथेच तिचे फोटो काढा. बंद असताना, उघडल्यावर, पत्रांची गाठ सोडण्याआधी. काय कशाच्या शेजारी होतं हे एकदा विस्कटलं की पुन्हा जुळत नाही.

१८६१ साली अटलांटिक ओलांडायचा म्हणजे शिडाचं जहाज आणि दोन-तीन महिने पाण्यावर. खायचं प्रवाशांनी आपापलं न्यायचं. त्यामुळे अशा पेट्यांत कपड्यांबरोबर फ्लॅटब्रॉड भरलेली असे, पापडासारखी पातळ, कडक, महिनोन्‌महिने टिकणारी भाकरी. शिवाय खारवलेलं मांस, लोणी, चीज. कपाट, कोठार आणि माहेर, सगळं त्या एका पेटीत. वेलबुट्टीला रोझमालिंग म्हणतात. टेलेमार्कच्या वेलीची वळणं वेगळी, हालिंगदालची वेगळी. जाणकार नुसत्या वळणांवरून आणि रंगांवरून पेटी नॉर्वेतल्या कुठल्या खोऱ्यातली हे ओळखतात. नणंदबाईंना एवढंच सांगा, की नवा हात दिला तर पेटी दिसेल छान, पण तिच्यावरचा पत्ता पुसला जाईल. पॉलिश नको, तेल नको, व्हार्निश नको. मऊ कोरड्या ब्रशने धूळ झाडायची आणि थांबायचं.

झाकणातलं वर्तमानपत्र कुणी खरवडणार असेल तर हात धरा. तुमच्याच भागात डेकोरा गावातून ‘डेकोरा-पोस्टेन’ हे नॉर्वेजियन वर्तमानपत्र १८७४ ते १९७२ निघत होतं. ते पान त्याचं असलं आणि तारीख लागली, तर पेटीचं झाकण कधी कुणी सजवलं याचा धागा हाती येईल. पेटी तळघरात ठेवू नका, ओल धरेल. माळ्यावरही परत नको. हिवाळ्यात हीटरच्या झोतासमोर तर मुळीच नको, लाकडाला भेगा जातात. घराच्या आतल्या बाजूची एखादी भिंत बघा.

एलिस बेटाबद्दल बोलायला हवं. तिथलं ठाणं १८९२ मध्ये सुरू झालं. १८६१ मध्ये आलेली पेटी तिथे उतरणं शक्य नाही. त्या काळात बहुतेक नॉर्वेजियन कुटुंबं कॅनडातल्या क्वेबेकला उतरत. कारण साधं होतं. जहाजं तिथून लाकूड भरून ब्रिटनला जात, आणि येताना रिकामं येण्यापेक्षा माणसं आणत. क्वेबेकहून बोटी आणि रेल्वे बदलत लोक विस्कॉन्सिन-आयोवापर्यंत पोचत. घरातल्यांना हे सांगताना त्यांची गोष्ट खोटी ठरवायची गरज नाही. शोध न्यूयॉर्कला उतरलेल्या प्रवाशांच्या याद्यांत घेऊ नका, एवढंच सांगा.

आता पत्रं. वाटून घ्यायची कल्पना ऐकून माझ्या पोटात कळ आली. सत्तावीस पत्रं एकत्र असतात तेव्हा बोलतात. सातव्या पत्रात आजारी पडलेली आई अकराव्यात गेलेली असते. चौघांच्या चार कपाटांत गेली की प्रत्येकाकडे उरतो एक न वाचता येणारा कागद. उपाय आहे. सगळी पत्रं दोन्ही बाजूंनी चांगल्या प्रतीची स्कॅन करा, पाकिटांसकट, आणि प्रत्येक भावंडाला पूर्ण संच द्या. अस्सल पत्रं एकाच जागी, आम्ल नसलेल्या कागदी फोल्डरमध्ये, ज्या क्रमाने सापडली त्या क्रमाने. आकडे घालायचे तर फोल्डरवर, शिसपेन्सिलीने. सेलोटेप आणि लॅमिनेशनपासून लांब राहा.

वाचता येत नाहीत म्हणून घाबरू नका. नॉर्वेजियन शिकलेल्यालाही ती लगेच वाचता येणार नाहीत. त्या काळचं हस्ताक्षर गॉथिक वळणाचं. मराठी येतं म्हणून मोडी वाचता येत नाही, तसंच हे. त्यात भाषा डॅनिश वळणाची, जुन्या शुद्धलेखनाची. विस्कॉन्सिनमध्ये मॅडिसनला नॉर्वेजियन अमेरिकन वंशावळ केंद्र आहे, १९७४ पासूनचं. तिथे असं लिखाण वाचून भाषांतर करून देणारी माणसं आहेत, रीतसर शुल्क घेऊन. सगळी एकदम देऊ नका. सर्वांत जुनं आणि सर्वांत नवं, अशा दोन पत्रांपासून सुरुवात करा.

कुटुंबाला पुढे कुठे द्यायचं असेल, तर वस्तू आणि कागद यांची घरं वेगळी. वस्तूंसाठी तुमच्या जवळच डेकोराचं व्हेस्टरहाइम संग्रहालय. व्हेस्टरहाइम म्हणजे पश्चिमेकडचं घर. तो संग्रह १८७७ मध्ये तिथल्या ल्यूथर कॉलेजात सुरू झाला. स्थलांतर अजून जोरात चालू होतं तेव्हाच या लोकांनी आपली भांडी-अवजारं जपायला घेतली, याचं मला फार अप्रूप वाटतं. पत्रं, रोजनिश्या, मंडळांची दप्तरं यांसाठी मिनेसोटातल्या नॉर्थफील्डला, सेंट ओलाफ कॉलेजात, नॉर्वेजियन-अमेरिकन हिस्टॉरिकल असोसिएशन आहे. या स्थलांतराची सुरुवात ज्याने झाली ते ‘रेस्टोराशन’ नावाचं छोटं गलबत ५२ माणसं घेऊन १८२५ च्या जुलैत नॉर्वेतल्या स्तावांगेरहून निघालं आणि ९ ऑक्टोबरला न्यूयॉर्कला लागलं. वाटेत एक मूल जन्मलं होतं. त्याला शंभर वर्षं झाली त्या १९२५ साली ही संस्था उभी राहिली, आणि कादंबरीकार रोलव्हाग तिचे पहिले सचिव होते. दोन्हीकडे आधी पत्र लिहून विचारा, फोटो पाठवा. बायबल त्यांनी नाकारलं तर वाईट वाटून घेऊ नका, तशी बायबलं घरोघरी होती. मात्र देण्याआधी त्याची पहिली-शेवटची कोरी पानं बघा. जन्म, बाप्तिस्मा, मृत्यू तिथे हाताने लिहिलेले असतात.

फोटोंची घाई सगळ्यांत जास्त आहे. हे मी स्वतःच्या चुकीतून सांगते. आमच्या शेजारच्या आजींनी एका दुपारी मला त्यांचा अल्बम दाखवला. मी प्रत्येक पान नीट कॅमेऱ्यात घेतलं, कोपरे सरळ आहेत ना ते पाहिलं, आणि नावं पुढच्या वेळी विचारू म्हटलं. पुढची वेळ आली नाही. त्या अल्बममध्ये एक तरुण मुलगी आहे, गळ्याशी सोल्ये, म्हणजे लोंबत्या चांदीच्या चकत्यांचा त्यांचा ब्रोच, आणि हातात बादली. एवढा दागिना घालून ती बादली का घेऊन उभी आहे, हे आजींना ठाऊक होतं. आता ते कुणालाच ठाऊक नाही. तुमच्या नात्यात ऐंशीच्या पुढचं कुणी असेल तर या रविवारी जा. फोनवर रेकॉर्डिंग लावा, एकेक फोटो पुढे ठेवा आणि त्यांना बोलू द्या.

सासऱ्यांनी भाषा का दिली नाही, याचा दोष त्यांना देऊ नका. पहिल्या महायुद्धात, मे १९१८ मध्ये, आयोवाचे गव्हर्नर हार्डिंग यांनी शाळेत, सार्वजनिक जागी, आगगाडीत, अगदी टेलिफोनवरसुद्धा फक्त इंग्रजी बोलावं असा फतवा काढला होता. चर्चमधल्या प्रार्थनाही त्यातून सुटल्या नाहीत. रोख जर्मनांवर होता, पण नॉर्वेजियनांनाही तो लागू झाला. ज्या घरांनी तो काळ पाहिला, त्यांतल्या आईबापांनी पोरांना इंग्रजीच दिली तर नवल नाही.

आणखी एक गोष्ट, थोडी जड. घराचा इतिहास लिहायला बसाल तेव्हा पहिलं पान नॉर्वेचं नको. तुमच्या भागातल्या हो-चंक या मूळनिवासी लोकांना १८४८ मध्ये सरकारने हलवलं, आणि १८५० च्या सुमारास पहिली नॉर्वेजियन कुटुंबं तिथे पोचली. मधे दोनच वर्षं. तेही त्या वहीत यायला हवं.

तुम्ही स्वतःला बाहेरची म्हणता. त्या पेटीवर जिचं नाव आहे ती बाईही बाहेरूनच आली होती.

प्रश्न : मिनियापोलिसला माझे एक वयस्कर सहकारी त्यांची वंशावळ लावताहेत, मी मदत करतो. एकाच चर्चच्या दफनभूमीत दोन सख्खे भाऊ आहेत आणि दोघांची आडनावं वेगळी. वडिलांचं तिसरंच. नोंदीत चूक असेल का?
– एक वाचक, मिनेसोटा

उत्तर : चूक नसावी. गावाकडे त्यांना आडनाव नव्हतंच. ओलेचा मुलगा ओल्सेन, मुलगी ओल्सदात्तर, आणि त्यापुढे राहत्या शेताचं नाव. आपल्याकडच्या ‘-कर’ सारखं, फक्त शेत बदललं की तेही बदलायचं. कायमचं आडनाव घ्यायची सक्ती नॉर्वेत १९२३ च्या कायद्याने झाली. अमेरिकेत येऊन एका भावाने बापाचं नाव लावलं, दुसऱ्याने शेताचं, असं अनेक घरांत झालंय. एका गावात दहा ओले ओल्सन असले की टपालवाल्यासाठीही ते सोयीचं.

म्हणून आडनाव शोधू नका, शेत शोधा. दफनभूमीपेक्षा चर्चची सदस्यनोंद बघा, त्यात जन्मगाव लिहिलेलं मिळू शकतं. शेत आणि गाव हाती आलं की नॉर्वेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचं ‘डिजिटालआर्किवेट’ इंटरनेटवर फुकट आहे. तिथे गावच्या चर्चच्या वह्या आहेत. गाव सोडून गेलेल्यांची यादी पाद्री वेगळी ठेवत, तीही त्यांत असते. त्याच ठिकाणी १८६५ ची जनगणना उघडा. कुटुंब तेव्हा अजून तिकडे असेल, तर माणसांच्या नावांशेजारी त्यांच्या गाई किती, मेंढ्या किती, आणि त्या वर्षी बटाटे किती लावले होते, हेही मोजलेलं सापडेल.