सॅट ऑप्शनल आहे म्हणे, मग द्यायची की नाही?

या वेळची पत्रं जवळजवळ सगळी एकाच विषयावर आहेत, अमेरिकेतली कॉलेजं आता ॲडमिशनला सॅटचा (म्हणजे तिकडच्या कॉलेजप्रवेशासाठीच्या १६०० मार्कांच्या परीक्षेचा) स्कोअर मागत नाहीत म्हणे, त्याचं आपण काय करायचं. त्यामुळे एज्युकेशन लोनचे प्रश्न पुढच्या अंकात घेते.

प्रश्न : ताई, माझी मुलगी बारावी सायन्सला आहे, स्टेट बोर्ड. तिला अमेरिकेत कॉम्प्युटर सायन्स करायचंय. माझे दीर न्यू जर्सीला असतात, ते म्हणतात तिकडे आता सॅट कोणी विचारत नाही, उगाच पैसे घालवू नका. पण तिने मे महिन्यात दिलीच, १३८० आले. यादीत पर्ड्यू, मिशिगन (ॲन आर्बर), यूसी सॅन दिएगो आणि मेन राज्यातलं बोडन अशी चार नावं आहेत. स्कोअर पाठवायचा का झाकून ठेवायचा?
– एक आई, नाशिक

उत्तर : तुमचे दीर खोटं सांगत नाहीयेत, त्यांची माहिती जरा शिळी झालीये एवढंच. २०२० मध्ये कोविडमुळे परीक्षेची सेंटरच बंद पडली, मुलांना परीक्षा देताच येईना तर कॉलेजं स्कोअर मागणार कुठल्या तोंडाने, म्हणून भराभर बहुतेकांनी ऑप्शनल करून टाकलं. पण २०२२ मध्ये एमआयटीने परत मागायला सुरुवात केली आणि २०२४ मध्ये डार्टमथ, येल, ब्राउन, हार्वर्ड, कॅलटेक अशी रांगच लागली. तरी देशभरातली बहुतेक कॉलेजं अजून ऑप्शनलच आहेत बरं का, फक्त आपल्याकडची मुलं ज्या पंधरा-वीस नावांवर डोळा ठेवून असतात नेमकी त्यातलीच बरीच परत फिरली.

आता तुमची यादी. गंमत म्हणजे चार नावांत तिन्ही प्रकार आलेत. पर्ड्यूला स्कोअर लागतोच, तिथे विषय संपला. यूसी सॅन दिएगो, म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाचं कुठलंही कॅम्पस, ॲडमिशन ठरवताना स्कोअर बघतच नाही, तुम्ही १६०० पैकी १६०० आणलेत तरी नाही. ऑप्शनल खऱ्या अर्थाने मिशिगन आणि बोडन. बोडन तर १९६९ पासून ऑप्शनल आहे, म्हणजे कोविडशी काही संबंध नसताना, सगळ्यात आधी.

या दोघांसाठी काय करायचं तर गूगलवर कॉलेजचं नाव आणि पुढे 'कॉमन डेटा सेट' टाकायचं, फाइल उघडली की सी ९ नावाचा भाग बघायचा. ॲडमिशन मिळालेल्या आणि तिथे दाखल झालेल्या मुलांपैकी किती टक्क्यांनी स्कोअर दिला आणि त्यांचा मधला पट्टा (म्हणजे मधल्या निम्म्या मुलांचे स्कोअर कुठून कुठपर्यंत) काय होता ते तिथे छापलेलं असतं. तुमचा स्कोअर पट्ट्याच्या मध्यावर किंवा वर असेल तर डोळे झाकून पाठवा. खालच्या टोकाच्याही खाली असेल तर नको. खालचं टोक आणि मध्य यांच्या मधे लटकत असेल तर मात्र विचार करायचा, कारण हा पट्टा फुगलेला असतो हे लक्षात घ्या, ज्यांचा कमी आला ते पाठवतच नाहीत, मग उरलेल्यांचा आकडा दरवर्षी वर सरकणारच ना.

आणि आपल्या मुलांची एक वेगळीच अडचण आहे जी अमेरिकेतल्या नातेवाइकांना कळत नाही. त्यांच्या शेजारच्या मुलाची शाळा ॲडमिशन ऑफिसला माहीत असते, तिथला 'ए' म्हणजे काय ते त्यांना ठाऊक असतं. नाशिकच्या ज्युनिअर कॉलेजमधले ८४ टक्के चांगले की बरे, हे तिथे बसलेल्या माणसाने कसं ओळखायचं? त्यात बोर्डाचा निकाल मे महिन्यात आणि फॉर्म जानेवारीपर्यंत भरायचा, म्हणजे हातात दहावीची मार्कशीट, अकरावीचे मार्क आणि बारावीचे अंदाजे मार्क एवढंच. अशा वेळी सॅट हा एकच आकडा असतो जो त्यांना समजतो. म्हणून स्टेट बोर्डाच्या मुलांना मी सहसा 'द्या' असंच सांगते.

१३८० मधले मॅथचे किती ते तुम्ही लिहिलं नाहीत. ७६० असतील आणि इंग्रजीने खाली ओढलं असेल तर तिने ऑगस्टमध्ये किंवा ऑक्टोबरमध्ये परत बसावं आणि इंग्रजीवरच जोर द्यावा, कारण बरीच कॉलेजं दोन वेळांपैकी प्रत्येक भागाचा जो चांगला तो घेऊन बेरीज करतात, त्याला सुपरस्कोअर म्हणतात. ऑक्टोबरचा स्कोअर जानेवारीच्या डेडलाइनला आरामात पोचतो. आहे तोच राहिला तर पर्ड्यूला द्या (द्यावाच लागेल), बोडनला देऊ नका, मिशिगनचं सी ९ बघून ठरवा. प्रत्येक कॉलेजसाठी वेगळा निर्णय घेता येतो, एकदा 'नाही' म्हटलं म्हणजे सगळीकडे नाही असं नसतं.

प्रश्न : ताई मी बारावीला आहे, स्कोअर पाठवला नाही तर त्यांना कळणारच ना की कमी आला म्हणून लपवला? आमचं कॉलेज जेईईच्या क्लासला जोडलेलं आहे, कॉलेजात आम्ही फक्त प्रॅक्टिकलला जातो.
– एक विद्यार्थी, लातूर

उत्तर : कॉलेजं लिहून देतात की स्कोअर नसला तर त्याचा तोटा होणार नाही, आणि ते मुद्दाम खोटं बोलतात असं मला वाटत नाही. पण स्कोअर नसला की बाकीच्या कागदांवर भार येतो, आणि तुझे बाकीचे कागद कुठले आहेत सांग बरं. इंटिग्रेटेड कॉलेजात अकरावीचे मार्क बरेचदा नावापुरतेच असतात, शिक्षकांनी तुला वर्गात बघितलेलं नसतं, मग शिफारसपत्रात ते लिहिणार तरी काय, 'मुलगा हुशार व होतकरू आहे' हेच. तुझ्यासारख्याने परीक्षा द्यावी असं माझं स्पष्ट मत आहे. जेईईचं मॅथ करणाऱ्याला सॅटचं मॅथ जड नाही, वाचनाचा भाग मात्र क्लासवाले शिकवत नाहीत तो स्वतः कर. सगळं मिळून सव्वादोन तासांची परीक्षा आहे, लॅपटॉपवर. फी शंभर डॉलरच्या वर जाते, म्हणून नुसतं बघायला म्हणून बसू नकोस, आधी कॉलेज बोर्डाच्या (सॅट घेणारी संस्था) ब्लूबुक ॲपवर फुकट सराव पेपर सोडव, मग नाव नोंदव.

प्रश्न : परीक्षा गरिबांवर अन्याय करते म्हणून काढली ना? मग हार्वर्डसारख्यांनी परत का आणली? श्रीमंतांच्या पोरांसाठीच ना शेवटी?
– एक वडील, ठाणे

उत्तर : तुमचा राग समजतो, आणि आकडेही आधी तुमच्या बाजूचेच सांगते. २०२३ मध्ये हार्वर्डच्याच अर्थतज्ज्ञांनी आकडेवारी बाहेर काढली, त्यात अमेरिकेतल्या सगळ्यात श्रीमंत एक टक्का घरांतल्या मुलांना १३०० च्या वर स्कोअर मिळण्याची शक्यता गरीब घरांतल्या मुलांच्या १३ पट निघाली. क्लास, ट्युटर, परत परत परीक्षा, सगळं पैशाचं काम, आपल्याला हे नवीन नाही.

पण परीक्षा काढल्यावर उरतं काय? निबंध, जो पैसे देऊन काउन्सेलरकडून घासूनपुसून घेता येतो. ॲक्टिव्हिटीज, म्हणजे उन्हाळ्यात परदेशी जाऊन केलेली समाजसेवा वगैरे. शाळेचे मार्क, जे तिकडेही वाढतच चाललेत. यातलं पैशाशिवाय येणारं मला तरी काही दिसत नाही. डार्टमथच्या प्राध्यापकांनी आपल्याच कॉलेजचे अर्ज तपासले तेव्हा त्यांना असं दिसलं की साध्या शाळांमधली, कमी उत्पन्नाच्या घरची मुलं १४०० च्या आसपासचा स्कोअर 'कमी आहे' समजून लपवत होती, आणि खरं तर त्या मुलाची शाळा, घर बघता तोच स्कोअर त्याला आत घेऊन गेला असता. एमआयटीचं कारण आणखी सरळ होतं, तिथे प्रत्येकाला कॅल्क्युलस आणि फिजिक्स करावंच लागतं, शाखा कुठलीही असो, आणि ज्याच्या शाळेत वरच्या पातळीचं गणित शिकवतच नाहीत त्याने आपली तयारी दाखवायची कशी, तर परीक्षेने.

दुसरी बाजू पण आहेच. मेनमधल्याच बेट्स कॉलेजने १९८४ पासून ऑप्शनल केलं आणि वीसेक वर्षांनी हिशोब मांडला तर स्कोअर देणाऱ्या आणि न देणाऱ्या मुलांच्या पदवी पूर्ण करण्यात नगण्य फरक होता. म्हणजे लहान कॉलेज, प्रत्येक अर्ज नीट वाचायला माणसं आहेत, तिथे हे जमतं. उलट यूसी सॅन दिएगोसारख्या अवाढव्य ठिकाणी २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये प्राध्यापकांच्याच समितीने लिहिलं की नव्याने आलेल्या आठ मुलांमागे एकाचं गणित हायस्कूलच्या पातळीच्याही खाली आहे. त्यांनी कोविडलाही दोष दिला, फुगलेल्या मार्कांनाही आणि सॅट काढल्यालाही.

आपल्याकडे २०२१ मध्ये दहावीची परीक्षा रद्द झाली तेव्हा अकरावीसाठी सीईटी ठेवली होती, तीही ऑप्शनलच, देणाऱ्यांना आधी प्रवेश आणि बाकीच्यांना उरलेल्या जागा. मुंबई हायकोर्टाने ऑगस्टमध्ये ती रद्दच केली. तेव्हा ठाण्यातल्या पालकांमध्येही दोन तट होते, आठवत असेल तुम्हाला.

प्रश्न : टेस्ट ऑप्शनल म्हणजे टोफेल पण नको ना?
– सांगली

उत्तर : लागते! टोफेल, आयईएलटीएस किंवा डुओलिंगो या इंग्रजी येतं का हे बघायच्या परीक्षा, त्यांचा सॅटशी संबंध नाही. शाळा इंग्रजी माध्यमाची असेल तर काही कॉलेजं सूट देतात, पण ती मेल करून लेखी मागून घ्यायची.

प्रश्न : मी बीई शेवटच्या वर्षाला आहे, एमएसला जायचंय. जीआरईचं पण असंच झालंय का?
– एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : हो, पण जीआरई म्हणजे एमएसच्या ॲडमिशनची परीक्षा, इथे युनिव्हर्सिटी नाही, डिपार्टमेंट ठरवतं. एकाच युनिव्हर्सिटीत कॉम्प्युटर सायन्सला नको आणि शेजारच्या इमारतीत हवी असं असतं, त्यामुळे प्रत्येक प्रोग्रामचं पान उघडून बघा. 'ऑप्शनल' लिहिलंय का 'नॉट ॲक्सेप्टेड' ते नीट वाचा, दुसऱ्यात पाठवून उपयोग नाही. ऑप्शनल असेल आणि तुमच्या मार्कशीटवर बॅकलॉग असतील तर क्वांटचा (गणिताच्या भागाचा) चांगला स्कोअर कामाला येतो, ८.५ च्या वर सीजीपीए आणि बरा प्रोजेक्ट असेल तर ते पैसे ॲप्लिकेशन फीला ठेवा.