प्रशिक्षण संपलं, आता पुढे?

प्रश्न : मुलगी बी.कॉम. आहे. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेतून एका सरकारी कार्यालयात ११ महिने काम केलं, महिना १०,००० रुपये मिळत होते. आता ‘मुदत संपली’ म्हणतात. तिथेच कायम होण्याचा हक्क लागतो का?
— एक पालक, जि. सोलापूर

उत्तर : नाही लागत. जुलै २०२४ मध्ये योजना सुरू झाली तेव्हापासून हा पैसा विद्यावेतन आहे, पगार नव्हे. बारावीला ६,०००, आयटीआय-पदविकेला ८,०००, पदवीला १०,०००. सुरुवातीची ६ महिन्यांची मुदत पुढे ११ महिने झाली, पण कामावर घेण्याचं बंधन कोणावरच आलं नाही. आमच्या मते खरी खोट इथेच आहे. विद्यावेतन सगळं सरकारच्या खिशातून जातं, त्यामुळे आस्थापनेला मुलगी टिकवून ठेवायची गरज पडत नाही. किती जण रुजू झाले ते मोजलं जातं. वर्षभरानंतर किती जण पगारावर आहेत, हे मोजायला हवं. २०२३-२४ च्या केंद्राच्या श्रमबल पाहणीत १५ ते २९ वयोगटात बेरोजगारी १०.२ टक्के होती, सगळ्या वयांची मिळून ३.२. एवढी दरी मुदतवाढीने भरत नाही.

आता करायचं ते असं. प्रमाणपत्रासोबत केलेल्या कामाचा तपशील लेखी मागून घ्या : कोणतं टेबल, कोणती नोंदवही, संगणकावर काय काम. नुसतं ‘कार्यालयीन कामकाज’ लिहिलेला कागद खासगी मुलाखतीत चालत नाही. बी.कॉम.वाल्या मुलीला कर सल्लागाराकडे पहिला प्रश्न येतो, बँक रिकन्सिलिएशन (हिशेबाची वही आणि बँकेचं स्टेटमेंट जुळवणं) जमतं का? जीएसटीची दरमहा भरायची विवरणपत्रं, म्हणजे महिन्याच्या ११ तारखेचं जीएसटीआर-१ आणि २० तारखेचं ३बी, स्वतः भरलंय का? ते जमत नसेल, तर आधी दोन-तीन महिने तेच शिकू द्या.

प्रश्न : मुलगा आयटीआय फिटर. एक कारखाना ‘ॲप्रेंटिस (शिकाऊ कामगार) म्हणून घेतो’ म्हणतो. यातही तेच होईल?
— एक वाचक, चाकण

उत्तर : इथे पाया थोडा भक्कम आहे. १९६१ च्या ॲप्रेंटिस कायद्याने ३० किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के ॲप्रेंटिस घ्यावेच लागतात. विद्यावेतन मुख्यतः कारखानाच देतो. केंद्राचा वाटा २५ टक्के, महिना जास्तीत जास्त १,५०० रुपये. स्वतःचे पैसे घातले की शिकवण्याकडेही लक्ष राहतं.

पण करार सरकारी पोर्टलवर नोंदलाय का, हे पहिल्याच आठवड्यात बघा. नोंद नसेल तर मुलगा नुसता स्वस्त हेल्पर, शेवटी राष्ट्रीय प्रमाणपत्रही नाही. नोकरीची हमी मात्र इथेही नाही, २०१४ च्या दुरुस्तीने भरतीचं धोरण मालकावर सोडलंय. ते धोरण काय आहे, सही करण्याआधी विचारा. रेल्वेच्या आस्थापनेत ॲप्रेंटिसशिप पूर्ण केलेल्यांना लेव्हल-१ (सर्वात खालच्या वेतनश्रेणीच्या) भरतीत २० टक्के जागा राखीव असतात, तिथली जाहिरात निघाली तर सोडू नका.