रोमन करार शिकून पोट भरेल का?

पत्र: माझं कराडला हार्डवेअरचं दुकान आहे. मुलगी पुण्यात पाच वर्षांच्या लॉ कोर्सच्या चौथ्या वर्षाला आहे. मध्यंतरी तिने प्राचीन रोममधल्या करारांवर सेमिनार दिला आणि तेव्हापासून एकच धोशा लावलाय: याच विषयात मास्टर्स करणार, तेही परदेशात. पैशाचं विचारलं तर म्हणते, कर्ज काढू. दोन हजार वर्षांपूर्वीच्या लोकांनी कसे करार केले हे शिकून इथे कोण नोकरी देणार? मी तसं बोललो, तेव्हापासून घरात अबोला आहे. काय करावं?
— एक वडील

नमस्कार.

आधी पैशाचं बोलू, कारण तुमची झोप त्यानेच उडालेली दिसते. नुसत्या रोमन कायद्यासाठी शैक्षणिक कर्ज काढू नका. रोमन कायद्याचा प्राध्यापक पाहिजे अशी जाहिरात भारतात माझ्या तरी कधी पाहण्यात आली नाही. पण विषयच टाकाऊ आहे असं तुमचं म्हणणं असेल, तर तिथे मी मुलीच्या बाजूने आहे. तिने काय वाचलंय ते तुमच्याच दुकानात उभं राहून सांगतो.

गिऱ्हाईक फोन करतं, "दहा गोणी सिमेंट ठेवा, संध्याकाळी टेम्पो पाठवतो." तुम्ही भाव सांगता, तो हो म्हणतो. कागद नाही, विसार नाही. रोममध्ये एवढ्यावर विक्रीचा करार पुरा होई. वस्तू आणि किंमत ठरली, दोघांची संमती झाली, बस. आता दुपारी पाऊस आला आणि पत्रा गळून गोणी भिजल्या. नुकसान कुणाचं? रोमन पंडित आधी विचारतील, त्या दहा गोणी वेगळ्या काढून ठेवल्या होत्या का? शंभराच्या थप्पीतल्या कुठल्याही दहा असतील तर व्यवहार अजून पक्का नाही, नुकसान तुमचं. वेगळ्या काढल्या असतील आणि तुम्ही नीट काळजी घेतली असेल, तर गिऱ्हाइकाचं. आपल्या 1930 च्या माल विक्री कायद्याचं कलम 18 उघडून बघा. माल अमुकच असा निश्चित होईपर्यंत त्याची मालकी खरेदीदाराकडे जात नाही, आणि कलम 26 प्रमाणे जोखीम साधारण मालकीच्या मागोमाग जाते. दोन्हीकडची उत्तरं तंतोतंत एक नाहीत, पण प्रश्न तोच आहे, आणि कायद्यात प्रश्न अचूक विचारता येणं ही अर्धी वकिली असते.

दुसरं उदाहरण. शेजारचा सुतार तुमचं ड्रिल मशीन मागून नेतो, आणि एखादा गवंडी अडीनडीला एक गोणी उसनी नेतो. मराठीत आपण सहज फरक करतो, एक मागून नेलं आणि एक उसनं नेलं. रोमन लोकांनी यातून दोन वेगळे करार पाडले, कोमोदातुम आणि मुतुअम. पहिल्यात तीच वस्तू परत करायची. दुसऱ्यात वस्तू घेणाऱ्याच्या मालकीची होते आणि तो तशीच दुसरी आणून देतो. म्हणून गवंड्याची गोणी वाटेत नाल्यात पडली तरी तो तुमचा देणेकरी राहतो. सुताराचं मशीन मात्र त्याचा काही दोष नसताना पुरात वाहून गेलं, तर सहसा तो सुटतो.

तिसरं दुकानातलं नाही, लग्नाच्या मांडवातलं आहे. रोममधला सगळ्यात वापरातला करार नुसत्या सवाल-जबाबाने होई. एकाने विचारायचं "स्पोन्देस्ने?" म्हणजे वचन देतोस का, आणि दुसऱ्याने तेच क्रियापद धरून लगेच म्हणायचं "स्पोन्देओ", देतो. जुन्या रिवाजात क्रियापद बदललं तर करार बारगळे. आपल्याकडे कन्यादानात मुलीचे वडील धर्म, अर्थ, कामाचं सांगून "नातिचरितव्या" म्हणतात आणि नवरदेव "नातिचरामि" म्हणतो. तेच क्रियापद, तोच तोल. एकाचा दुसऱ्याशी संबंध आहे असं मी म्हणत नाही, पण संस्कृत येणाऱ्या मराठी मुलीला हा करार कुणाला समजावून सांगावा लागत नाही.

खरं तर आपली भाषाच तिच्या मदतीला आहे. रोमन सम्राट जस्टिनियनच्या 533 सालच्या कायद्याच्या पाठ्यग्रंथात ओब्लिगातिओची व्याख्या आहे: कायद्याचा बंध, ज्याने आपण काही देणं चुकतं करायला बांधले जातो. शब्दाच्या मुळाशी बांधणं आहे. आणि देणं चुकवायला लॅटिन शब्द सोल्वेरे, मूळ अर्थ सोडणं, गाठ मोकळी करणं. आता मराठी बघा. आपण पागोटं फेडतो आणि कर्जही फेडतो. गहाण सोडवतो. ऋणानुबंध तर आहेच.

हे सगळं कागदावरचंही नाही. 1959 मध्ये पॉम्पेईजवळ महामार्गाचं काम चालू असताना सुल्पिकी नावाच्या सावकारी पेढीच्या मेणाच्या पाट्या सापडल्या. त्यात इसवी सन 37 मध्ये गायुस नोविउस एउनुस नावाच्या धान्यव्यापाऱ्याने 10,000 सेस्टर्स (रोमन नाणी) कर्ज घेतल्याची नोंद आहे. तारण म्हणून गोदामातला अलेक्झांड्रियाचा गहू, शिवाय कडधान्याची पोती. पाटी त्याने स्वतःच्या हाताने लिहिलीय आणि शुद्धलेखनाचा पुरता बोजवारा उडालाय. मला तो माणूस फार जवळचा वाटतो. तुमच्या उधारीच्या वहीत अशी अक्षरं दोन-चार तरी असतील.

आता पोटापाण्याचं. आपला 1872 चा करार कायदा इंग्रजांनी केला, पण त्यात रोमन पाणी बरंच मुरलेलं आहे. कलम 68 ते 72 मध्ये करार झालेला नसताना करारासारखी देणी येतात. चुकून दुसऱ्याच्या खात्यात यूपीआयने पैसे गेले तर ते मागण्याचा हक्क कलम 72 मध्ये, आणि त्याचा पूर्वज रोमन कोंदिक्तिओ इंदेबिती, म्हणजे देणं नसताना दिलेलं परत मागण्याचा दावा. ज्या मुलीला या मुळापर्यंत जाता येतं, ती कराराचा मसुदा लिहिताना इतरांपेक्षा दोन शंका जास्त काढते, आणि कंपन्यांच्या लॉ फर्ममध्ये शंका काढण्याचेच पैसे मिळतात. गोव्यात अजूनही वारसाहक्काचा पाया पोर्तुगीज दिवाणी परंपरेचा, म्हणजे रोमन घराण्याचा आहे. दक्षिण आफ्रिका आणि श्रीलंकेत रोमन-डच कायदा आजही चालतो.

शिकवण्याचा रस्ता घ्यायचा तर नाव रोमन कायदा असणार नाही, करार कायदा किंवा न्यायशास्त्र असेल. त्यासाठी एलएलएम आणि नेट किंवा सेट. रोमन कायदा हा तिचा संशोधनाचा विषय राहू दे. पगार करार कायद्याच्या तासांचा मिळेल.

पुढचा भाग मुलीला वाचायला द्या.

बाळ, तुझा सेमिनार चांगला झाला असेल, पण तू रोमन कायदा वाचलास की रोमन कायद्याबद्दल इंग्रजीत वाचलंस? दोन्हींत फरक आहे. लॅटिन आजपासून सुरू कर आणि सहा महिने रोज एक तास दे. मग डायजेस्टमधला, म्हणजे जस्टिनियनने करवून घेतलेल्या रोमन कायदेपंडितांच्या मतांच्या संग्रहातला, न्हाव्याचा उतारा घे, नववं पुस्तक, दुसरं शीर्षक. काही जण चेंडू खेळतायत, एकाने जोरात मारलेला चेंडू न्हाव्याच्या हातावर बसतो आणि दाढी करून घेणाऱ्या गुलामाचा गळा वस्तऱ्याने कापला जातो. दोष कुणाचा? कायदेपंडित प्रोकुलुस म्हणतो न्हाव्याचा. दुसरा पंडित उल्पियन म्हणतो, जिथे खेळ चालतो किंवा वर्दळ असते तिथे तो दाढी करत बसला असेल तर त्याचा दोष आहेच, पण धोक्याच्या जागी खुर्ची मांडणाऱ्या न्हाव्यापुढे मान देणाऱ्याने स्वतःलाच बोल लावावा, हेही म्हणणं काही वाईट नाही. हा उतारा स्वतः मराठीत आण आणि आजच्या निष्काळजीपणाच्या कायद्याशी ताडून दोन पानं लिही. सहा महिन्यांनीही हात शिवशिवत असतील तर तू या विषयाची. कंटाळा आला तर तेही आत्ताच कळलेलं बरं.

संस्कृत सोडू नकोस. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायातल्या अठरा व्यवहारपदांत (दाव्यांच्या विषयांत) ऋणादान, निक्षेप, संभूयसमुत्थान, वेतनादान आहेत, म्हणजे कर्ज, ठेव, भागीदारी, मजुरी. रोमन करारांशेजारी ती ठेवून वाचणारे लोक मोजके आहेत. ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या मुलाला पहिल्या वर्षी रोमन कायदा मिळतो, व्यवहारपदं मिळत नाहीत. परदेशी अर्जात तुझं वेगळेपण तिथे दिसेल. पुण्यातच आहेस, भांडारकर संस्थेत जाऊन बस.

परदेशाची घाई करू नकोस. पदवीनंतर दोन वर्षं करारांचं काम कर, फर्ममध्ये किंवा दिवाणी वकिलाच्या हाताखाली. ब्रिटिश सरकारच्या चेव्हनिंगसारख्या शिष्यवृत्तीला साधारण तेवढाच अनुभव मागतात. जर्मन शिकता आलं तर उत्तम. या विषयातलं बरंच चांगलं लिखाण जर्मनमध्ये आहे, आणि जर्मनीतल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी शुल्क नसल्यासारखंच असतं, डाड (DAAD) या जर्मन संस्थेची शिष्यवृत्तीही आहे. शिष्यवृत्ती मिळाली तर जा. नाही मिळाली तर इथेच एलएलएम कर, विषय कुठे पळून जात नाही.

आणि साहेब, तुम्ही एवढंच करा. या सुट्टीत ती घरी आली की आठवडाभर तिला गल्ल्यावर बसवा आणि उधारीची वही तिच्या हातात द्या. कुठली उधारी विक्रीची, कुठली उसनवारीची, कुठला माल कुणी नुसता ठेवायला दिलाय, हे ती तुम्हाला सांगेल. कुठली बुडणार हे तुम्ही तिला सांगा. अबोला तिथे सुटेल असं मला वाटतं. सहा महिन्यांनी न्हाव्याच्या उताऱ्याचं काय झालं ते कळवा.